भुकेल्या वाघिणीचे चित्र

बौद्ध चित्रकलेत वाघाला सर्वांत ठळक जागा मिळाली ती एका मरणाच्या गोष्टीत. राजपुत्र महासत्त्व आपल्या दोन थोरल्या भावांबरोबर रानात जातो. तिथे त्याला नुकतीच व्यालेली, उपासमारीने हलूही न शकणारी वाघीण दिसते. काही काम उरले आहे असे सांगून तो भावांना पुढे पाठवतो, मागे वळतो आणि आपला देह तिच्यापुढे टाकतो. हा राजपुत्र म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध. मध्य आशियातल्या किझिल गुंफांपासून जपानमधल्या होर्युजी मंदिरापर्यंत ही गोष्ट पुन्हा पुन्हा रंगवली गेली, आणि ती रंगवणाऱ्या प्रत्येकापुढे एकच पेच होता: वाघीण काढायची कशी? ती क्रूर दिसली तर राजपुत्र तिची शिकार ठरतो आणि दानाची गोष्ट शिकारीची होते. ती कृतज्ञ दिसली तर वाघीण उरत नाही, वाघाचे कातडे पांघरलेले माणूस होते. हा पेच वरवर कुंचल्याचा असला तरी त्याच्या मुळाशी धर्माचा प्रश्न आहे. ज्याच्यावर करुणा करायची त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवायची की नाही, आणि अपेक्षा ठेवली तर ती करुणा राहते का?

कथेची दोन रूपे प्रसिद्ध आहेत. पालीतल्या ५४७ जातककथांच्या संग्रहात ती नाही. ती आली आहे संस्कृत ग्रंथांतून. सुवर्णप्रभासोत्तम सूत्रात महारथ राजाचे तीन मुलगे आहेत: महाप्रणाद, महादेव आणि धाकटा महासत्त्व. वाघीण सात दिवसांपूर्वी व्यालेली आहे आणि पिल्ले तिला वेढून आहेत. महासत्त्व अंगावरचे वस्त्र झाडावर टाकतो आणि तिच्यापुढे आडवा होतो. पण ती काहीच करत नाही, कारण तिच्यात तेवढेही बळ नाही. हे लक्षात आल्यावर तो बांबूची कामटी घेऊन आपला गळा चिरतो. रक्ताच्या वासाने वाघीण पुढे येते आणि मागे फक्त हाडे उरतात. त्या हाडांवर स्तूप बांधला जातो, आणि पुढे कधीतरी बुद्ध शिष्यांना तो स्तूप दाखवून ही हकिगत सांगतात.

आर्यशूराच्या जातकमालेची सुरुवातच या कथेने होते. तिथे राजपुत्राऐवजी एक विद्वान ब्राह्मण तपस्वी आहे आणि त्याच्याबरोबर अजित नावाचा शिष्य. आर्यशूराची वाघीण अधिक भयंकर अवस्थेत आहे. तिचे पोट खपाटीला गेले आहे, डोळे खोल गेले आहेत, आणि दुधासाठी विश्वासाने जवळ येणाऱ्या स्वतःच्या पिल्लांकडे ती भक्ष्य म्हणून पाहते आहे, त्यांच्यावर गुरगुरते आहे. तपस्वी अजितला अन्न शोधायला धाडतो आणि तो दृष्टिआड होताच कड्यावरून उडी घेतो. देह खाली आदळल्याचा आवाज ऐकून वाघीण पिल्लांवरची नजर काढते. कवीने पकडलेला हा क्षण साऱ्या कथेतला सर्वांत निर्णायक क्षण म्हणावा लागेल. वाघिणीला तपस्व्याचा त्याग कळलेला नाही. तिने फक्त एक आवाज ऐकला आहे.

आत्मत्यागाच्या भारतीय कथांमध्ये ही कथा वेगळी पडते. शिबी राजा कबुतराला वाचवण्यासाठी मांडीचे मांस कापून ससाण्याला देतो. पण तो ससाणा मुळात इंद्र असतो, परीक्षा पाहायला आलेला. महाराष्ट्रात श्रावणात श्रीयाळ षष्ठीला जिची आठवण निघते त्या कथेत श्रीयाळ आणि चांगुणा अतिथीसाठी चिलया बाळाचा बळी देतात. पण अतिथी शंकर असतो आणि बाळ परत मिळते. या कथांत भुकेलेला कधीच खरोखर भुकेलेला नसतो. तो देवाचा मुखवटा असतो, आणि मुखवटा उतरला की हिशोब पुरा होतो. वाघीण मात्र अखेरपर्यंत वाघीणच राहते. ती कोणाची परीक्षा घेत नाही, वर देत नाही, आणि राजपुत्राचा देहही जोडून मिळत नाही. तिची भूक खरी आहे, एवढ्यावरच कथेतल्या दानाची सारी किंमत उभी आहे. ती खोटी असती तर महासत्त्व एका चाचणीत उत्तीर्ण झाला, यापलीकडे कथेला अर्थ नसता.

दोन्ही रूपांत आणखी एक गोष्ट सारखी आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. वाघीण माणसाला मारत नाही. सूत्रात राजपुत्र स्वतःचा गळा स्वतः चिरतो. जातकमालेत तपस्व्याचा देह कड्याखाली पोहोचतो तेव्हा निष्प्राण असतो. तिच्यापुढे येते ते प्रेत. शिवाय आर्यशूराच्या कथेत तिची पिल्लेही वाचतात, म्हणजे आपल्याच लेकरांच्या हत्येपासूनही ती वाचते. अशा रीतीने वाचले तर बोधिसत्त्वाने तिला फक्त अन्न दिले नाही. जन्मजात भुकेने तिच्या वाट्याला येणाऱ्या हिंसेतला एक भाग त्याने स्वतःवर घेतला. वाघाने वाघासारखे वागणे हा दोष नाही, पण ते दुःख मात्र आहे, अशी ही दृष्टी आहे. दुःखाला मालक नसतो, दुःख आहे एवढ्याच कारणासाठी ते दूर करायचे, हा विचार पुढे बौद्ध आचार्य शांतिदेवाने बोधिचर्यावताराच्या आठव्या परिच्छेदात मांडला. दुःख माणसाचे की वाघाचे, हा भेद त्या युक्तिवादात टिकत नाही.

हे चित्रात आणायचे म्हणजे काय, ते चीनमधल्या तुनह्वांगजवळच्या मोगाव गुंफांतल्या २५४ क्रमांकाच्या गुंफेत दिसते. चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, उत्तर वेई राजवटीतले आहे. दक्षिणेकडच्या भिंतीवर एकाच चौकटीत कथेचे सगळे प्रसंग एकमेकांत गुंतवलेले आहेत: रानात आलेले तीन भाऊ, गुडघ्यावर बसून गळ्याला कामटी लावणारा महासत्त्व, डोके खाली करून झेपावणारा महासत्त्व, आडवा पडलेला देह आणि त्याला भिडलेली वाघीण व पिल्ले, हंबरडा फोडणारे आप्त, आणि पांढरा स्तूप. प्रसंगांमध्ये रेघ नाही, वेळेचा क्रम सांगणारी खूण नाही. बसलेल्या राजपुत्रावरून नजर झेपेवर जाते, झेपेवरून थेट वाघिणीवर उतरते. त्वचेसाठी वापरलेले मूळचे उजळ रंग शतकांच्या ओघात काळवंडले आहेत, त्यामुळे आज राजपुत्राचा देह जवळजवळ मातीच्या रंगाचा दिसतो.

या चित्रातली वाघीण खात आहे, बस्स. तिच्याभोवती प्रभावळ नाही, तिची मान आदराने झुकलेली नाही. ती खाण्यात गढलेली आहे, जसे कोणतेही उपाशी जनावर गढेल. चित्रकाराने तिला या घटनेच्या धार्मिक अर्थाबाहेर ठेवले आहे, आणि त्याचा हा निर्णय अत्यंत अचूक आहे. अर्थ भावांना कळतो, आईवडिलांना कळतो, स्तूपापुढे उभे राहणाऱ्याला कळतो. वाघिणीला तो कळण्याची गरज नाही. घेणाऱ्याला दान कळलेच पाहिजे अशी अट घातली की ते अर्धे परत मागितल्यासारखे होते.

याच भिंतीवर, या चित्राला लागूनच मारविजयाचे मोठे चित्र आहे. ध्यानस्थ बुद्धांभोवती माराची सेना उसळली आहे, आणि त्या सेनेत विक्राळ तोंडांची, पशुमुखी रूपे आहेत. तिथे पशूचा चेहरा हे वासनेचे आणि भीतीचे चिन्ह आहे. शेजारच्या चौकटीत खरा पशू आहे, खऱ्या दातांचा, माणसाचे मांस खाणारा, आणि तो शत्रू नाही. दोन चित्रे एकमेकांना लावून रंगवण्यामागे हाच हेतू होता असे कोणी ठामपणे म्हणू नये. पण भिंतीसमोर उभे राहिल्यावर हा फरक डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही: पशूचे रूप घेतलेला विकार जिंकायचा असतो, भुकेल्या पशूला खाऊ घालायचे असते. समोरच्या, उत्तरेकडच्या भिंतीवर शिबी राजाची कथाही आहे, म्हणजे देवाचा मुखवटा असलेली भूक आणि मुखवटा नसलेली भूक एकाच गुंफेत समोरासमोर आहेत.

चित्रातल्या शोकाकुल आईविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे, कारण कथेचा सर्वांत अवघड भाग तिच्याकडे आहे. सूत्रात राणीला त्याच वेळी स्वप्न पडते: तिचे स्तन कापले जात आहेत, दात पडत आहेत, आणि तीन पारव्यांच्या पिल्लांपैकी एक ससाण्याने उचलले आहे. म्हणजे वाघिणीला दूध यावे म्हणून दुसऱ्या एका आईचे स्तन स्वप्नात कापले जातात. एका आईची पिल्ले जगतात ती दुसऱ्या आईच्या मुलाच्या जिवावर. महासत्त्वाने आपला देह दिला, पण तो देह सर्वस्वी त्याचा होता का? सूत्रकाराने हा प्रश्न उघड विचारलेला नाही, मात्र स्वप्न घालून तो दडवलेलाही नाही. आणि २५४ क्रमांकाच्या गुंफेतल्या चित्रकाराने मृतदेहाला कवटाळणारे आईवडील त्याच चौकटीत ठेवले, जिथे वाघीण पिल्लांना जगवते आहे. दानाची किंमत एकटा दाता मोजत नाही, हे सत्य या चित्रात शब्दांवाचून उभे आहे. त्यागाच्या स्तुतीत रमणाऱ्या कितीतरी प्रवचनांपेक्षा ही भिंत अधिक प्रामाणिक आहे.

इतर चित्रे थोडक्यात सांगता येतात. मोगावच्याच ४२८ क्रमांकाच्या गुंफेत, सहाव्या शतकात, हीच कथा एकावर एक तीन पट्ट्यांत सविस्तर आली आहे. तिथे डोंगर, झाडे, घोड्यांवरचे राजपुत्र यांनाच जास्त जागा मिळाली आणि दुःखाची धार बोथट झाली. किझिलच्या छतांवर डोंगराच्या आकाराच्या लहान चौकटींत कथेचा केवळ कळसाचा क्षण मावतो: आडवा देह आणि त्यावर वाघीण. किझिल तारीम नदीच्या खोऱ्यात आहे, आणि त्या खोऱ्यातल्या बोरूच्या बेटांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खरे वाघ होते. जपानमध्ये तर वाघ नव्हतेच. तरीही सातव्या शतकातल्या होर्युजीच्या तामामुशी देव्हाऱ्याच्या बैठकीवर ही कथा सापडते. भुंग्याचे चमकते पंख कोरीव धातूखाली बसवलेल्या या देव्हाऱ्यावर राजपुत्र वरच्या टोकाला झाडावर वस्त्र टांगतो, मधल्या मोकळ्या जागेतून उलटा खाली झेपावतो आणि तळाशी बांबूंच्या आड वाघीण व पिल्ले त्याचा देह खातात. तिन्ही अवस्थांत तो एकाच उभ्या चौकटीत आहे. पाहणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर पडते. वाघ कधीच न पाहिलेल्या देशात वाघाची भूक एवढ्या संयमाने चितारली गेली, याचे श्रेय कथेच्या गाभ्याला द्यावे लागते.

बौद्ध चित्रकलेत दुसऱ्या प्रकारचे वाघही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशेजारी ही वाघीण ठेवली की तिचे वेगळेपण उठून दिसते. चीनमध्ये वाघाला वश करणारा अर्हत आहे, तिबेटी पटांत धर्मताल नावाचा उपासक वाघाला बरोबर घेऊन चालतो. चौदाव्या शतकातल्या मोकुआनच्या प्रसिद्ध शाईचित्रात तीन झेन साधक आणि एक वाघ एकमेकांना टेकून गाढ झोपले आहेत. ही चित्रे देखणी आहेत, शेवटचे तर फारच. पण त्यांतला वाघ साधकाच्या सिद्धीचा पुरावा म्हणून आला आहे. साधक किती शांत, तर त्याच्या सहवासात वाघही शांत. देवीच्या वाहनाचेही असेच: सिंह किंवा वाघ तिच्या शक्तीची साक्ष देतो. महासत्त्वापुढची वाघीण कशाचीही साक्ष देत नाही. त्याच्या करुणेने ती निवळत नाही, अहिंसक होत नाही. भूक भागली की ती उठेल, आणि पुढच्या वेळी हरणाच्या मागे जाईल.

अजिंठ्यातही एक मोठी मांजरी कथेच्या केंद्राशी आहे, पण निराळ्या नात्याने. १७ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मोगावच्या त्या चित्राच्या आगेमागेच, सुतसोम जातक रंगवले आहे. शिकारीत वाट चुकलेला सुदास राजा झोपला आहे आणि सिंहीण त्याचे पाय चाटते आहे. तिला त्याच्यापासून मुलगा होतो, त्या मुलाला घेऊन ती राजाच्या नगरात येते. ही सिंहीण प्रेम करते, हक्क सांगते. ती माणसांच्या नात्यागोत्यात शिरते. चितारणाऱ्याचा हात तिथे अतिशय हळवा आहे, मात्र सिंहीण त्याने माणसाच्या बाजूला ओढून घेतली आहे. अजिंठ्याला आर्यशूर परका नव्हता. २ क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या जातकमालेतले श्लोक लिहिलेले सापडले आहेत. आणि आधुनिक काळात या लेण्यांकडे पहिली वाट फुटली ती १८१९ साली, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला तेव्हा.

कथेवरचे आक्षेप बौद्ध परंपरेने स्वतःच उठवले, आणि ते गंभीर आहेत. भिक्षूंच्या विनयात मनुष्यवध हा सर्वांत जड अपराधांपैकी आहे आणि मरणाची भलामण करणेही त्यातच येते. शांतिदेवाने बोधिचर्यावतारातच बजावले आहे की धर्माचरणाचे साधन असलेला हा देह क्षुल्लक कारणासाठी झिजवू नये आणि करुणा शुद्ध झालेली नसताना प्राण देऊ नये. चिनी यात्रेकरू ईत्सिंगचे उदाहरण तर फार बोलके आहे. सातव्या शतकात त्याने भारतातल्या आचारधर्माची नोंद करताना देह जाळून घेणाऱ्या भिक्षूंवर कडक टीका केली. भुकेल्या वाघाला देह देणे हे बोधिसत्त्वाचे काम आहे, सामान्य भिक्षूचे नव्हे, असे त्याचे म्हणणे. पुढे ७०३ साली याच ईत्सिंगने सुवर्णप्रभासोत्तम सूत्राचे चिनी भाषांतर पुरे केले, वाघिणीच्या कथेसकट. त्याला यात विसंगती वाटली नसावी, आणि ती नाहीही. कथा अनुकरणासाठी नाही. करुणेला टोक कुठे असते ते दाखवण्यासाठी आहे.

दुसरा आक्षेप हरणाच्या बाजूने आहे. वाघीण जगवली म्हणजे उद्याची शिकार जगवली. मग ही करुणा कोणावर? याला कथेत उत्तर नाही, आणि उत्तर ओढूनताणून काढण्यात अर्थही नाही. महासत्त्व अरण्याचा हिशोब मांडायला बसलेला नाही. त्याच्यासमोर या क्षणी मरणारा एक जीव आहे. मात्र या आक्षेपामुळे एक गोष्ट स्पष्ट होते: वाघिणीला वाचवण्यामागे ती पुढे सुधारेल ही आशा नाही.

युरोपात मोठ्या मांजरींची चित्रकला वेगळ्या वाटेने वाढली. रुबेन्सच्या शिकारचित्रांत वाघ आणि सिंह हे माणसाचे तुल्यबळ वैरी आहेत. जॉर्ज स्टब्सने १७६० च्या दशकापासून घोड्यावर झडप घालणारा सिंह अनेकदा रंगवला. तिथे सारी सहानुभूती घोड्याकडे आहे. १८३० च्या सुमारास देलाक्रवाने आईशी खेळणारा तरुण वाघ काढला, तेव्हा माणूस चौकटीबाहेर गेला आणि वाघांचे आपसातले जगणे हाच विषय झाला. हे मोठे पाऊल होते. विल्हेल्म कूनर्टने पूर्व आफ्रिकेत जाऊन सिंह त्यांच्या गवताळ मुलखात पाहून रंगवले, आणि आजची वन्यजीव चित्रकला बहुतांशी याच परंपरेतली आहे: अंगावरचा प्रत्येक पट्टा नेमका, प्रकाश नेमका, माणूस गैरहजर.

या नेमकेपणाबद्दल आदर बाळगूनही एक उणीव सांगितली पाहिजे. या चित्रांतले वाघ बहुधा पोटभर खाल्लेले असतात. ते तळ्याकाठी पहुडतात, पिल्लांना चाटतात, गवतातून रोखून पाहतात. त्यांची भूक, आणि तिची किंमत कोण देते हा प्रश्न, चौकटीत येत नाही. माणूस चित्रातून गेला की त्याचे देणेही गेले. जिथे माणसे आणि मोठ्या मांजरी एकाच रानात राहतात तिथे असे होत नाही. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांत वाघोबाच्या लाकडी किंवा दगडी फळीवर वाघ कोरलेला असतो, वर चंद्रसूर्य असतात, अंगाला शेंदूर असतो. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला सह्याद्रीच्या आदिवासी गावांत वाघाची पूजा होते, आणि गुराढोरांना, गुराख्यांना राखण्याचे मागणे मागितले जाते. हा करार आहे: आम्ही देतो, तू सांभाळ. तो महासत्त्वाच्या दानाइतका उंच नाही, पण रोज निभावता येण्याजोगा आहे. वाघाला भूक आहे आणि तिचा वाटा कुणालातरी उचलावा लागतो, हे मात्र तो करार पुरते मानतो.

सुवर्णप्रभासोत्तम सूत्रात या कथेच्या शेवटी पात्रांचे पुढचे जन्म सांगितले आहेत. त्यात वाघीण पुढे महाप्रजापती गौतमी झाली असे म्हटले आहे: सिद्धार्थाची मावशी, मायादेवीच्या मृत्यूनंतर त्याला वाढवणारी, आणि भिक्षुणीसंघातली पहिली भिक्षुणी. ज्या आईचे दूध आटले होते तिनेच पुढे त्याला आपल्या पदराखाली घेतले. सूत्र असे दानाचे ऋण दुसऱ्या जन्मात फेडून घेते, आणि श्रद्धाळू मनाला ते दिलासा देणारे आहे. मोगावच्या आणि होर्युजीच्या चित्रकारांनी ही जोडणी चित्रात आणली नाही. त्यांनी वाघिणीला याच जन्मात, याच भुकेत ठेवले. त्यामुळे चित्रातल्या महासत्त्वाला ती पुढे कोण होणार आहे याची काहीच कल्पना नाही. त्याने देह दिला आहे तो समोरच्या वाघिणीला.